वाटी वाजली की बोलणं दुसऱ्याचं

माझ्या फोनमध्ये एक बाई राहते. मला दिसत नाही, लहानपणापासूनच दिसत नाही, त्यामुळे स्क्रीनवर जे काही येतं ते ही बाई मला वाचून दाखवते. बँकेचे मेसेज, लग्नाच्या पत्रिका, व्हॉट्सअॅपवरचे फुकटचे उपदेश, सगळं एका सुरात. कुणी गेलं तरी तोच सूर आणि कुणाला मुलगी झाली तरी तोच. पण तिच्याच जिवावर मी निलंग्यात बी.ए. झालो, तेव्हा तिला नावं ठेवणार नाही.

नांदेडला समाजशास्त्रात एम.ए. करायला आलो आणि बाईनं हात टेकले. आमच्या विषयाची जुनी मराठी पुस्तकं म्हणजे कुणीतरी पानापानाचे फोटो काढून बनवलेल्या फायली. अक्षरं आहेत हे बाईला कळायचंच नाही. पान उघडलं की म्हणायची, "चित्र." पुढचं पान. "चित्र." अख्खं पुस्तक संपलं तरी चित्रच. मी फोनवर चिडायचो, तो आपटायला हात वर करायचो आणि हप्ते आठवून खाली ठेवायचो.

तेव्हा मी दादाकडे राहत होतो. दादा एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दादा सकाळी निघाला की घरात मी आणि वहिनी. वहिनी शिरूर अनंतपाळकडच्या, अकरावी-बारावी लातूरला मावशीकडे राहून केलेली. तिथल्या क्लासेसमध्ये पहिल्या बाकावर बसणारी मुलगी, असं दादा अभिमानानं सांगायचा. बारावीनंतर लग्न झालं आणि शिकणं तिथंच राहिलं. त्यावर त्या कधी बोलायच्या नाहीत.

एका दुपारी मी फोनला शिव्या घालत असताना त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, त्या बिचाऱ्या बाईवर कशाला वरडायलाव? इकडं आणा ते पुस्तक. मी वाचते."

मी म्हटलं, "वहिनी, लई कंटाळवाणं असतंय हो."

"तुमच्या दादांच्या गोष्टी ऐकते की रोज. ह्यापेक्षा काय कंटाळवाणं असणार?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालयातनं खरीखुरी पुस्तकं घरी यायला लागली आणि जेवणं उरकली की वहिनी वाचायला बसायच्या. काय तो वेग! चाळीस-पन्नास पानांचं प्रकरण भांडी वाळेपर्यंत संपायचं. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, मुद्दा एक, मुद्दा दोन, व्याख्या, निष्कर्ष. मला वाटायचं, माझं नशीब फळफळलं. वर्गातली डोळस पोरं दोन प्रकरणांत अडकलेली असायची आणि माझी तीन पुस्तकं झालेली. मी जरा मिरवूनही घेतलं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक लघुप्रबंध लिहायचा होता. मी विषय घेतला निलंग्याचा आठवडी बाजार. लहानपणी आईचा पदर धरून मी तो बाजार इतका फिरलोय की कुठं मिरचीवाला बसतो आणि कुठं चपलांची ओळ सुरू होते, हे मला पायांनी आणि नाकानं माहीत होतं. या विषयावर एक जुनं, जाडजूड पुस्तक होतं. वहिनींनी त्यातलं महत्त्वाचं प्रकरण वाचून दाखवलं, मी मुद्दे पाठ केले आणि वर्गात सेमिनारला उभा राहिलो.

"लेखकाच्या मते आठवडी बाजार ही मरू घातलेली व्यवस्था आहे," मी सुरुवात केली आणि कारणं घडाघडा सांगितली. रस्ते झाले, दुकानं झाली, माणसं शहरात गेली. शेवटी टाळ्यांची वाट बघत थांबलो.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "हे लेखकाचं मत आहे?"

"हो, मॅडम."

"पुस्तक वाचलंय तुम्ही?"

"पूर्ण वाचलंय, मॅडम." छाती फुगवून.

"मग तुम्हाला माहीत असायला हवं, की हे मत लेखकानं आधी नीट मांडलंय आणि उरलेलं सगळं प्रकरण खर्ची घालून ते खोडलंय. ज्याला तुम्ही लेखक म्हणताय, तो लेखकाचा विरोधक आहे."

वर्ग हसला. हसू दे. हसण्याचं मला काही वाटत नाही, मीही दुसऱ्यांना हसतोच. लागलं ते नंतरचं. तास संपल्यावर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची माझ्या हाताला लावून दिली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमची अडचण मी समजू शकते. लघुप्रबंधाऐवजी लेखी पेपरचा पर्याय आहे. लेखनिक मिळेल, नोट्स मी देईन. तुम्ही आरामात पास व्हाल."

हा मऊ आवाज मी जन्मापासून ओळखतो. बसमध्ये जागा देणारे, रस्ता ओलांडून देणारे, लग्नात ताट आणून देणारे, सगळे याच आवाजात बोलतात आणि मग माझ्याकडून कसलीच अपेक्षा ठेवत नाहीत. चिडलेली माणसं मला परवडतात, हळहळणारी परवडत नाहीत. पेपर घेतला असता तर पदवी मिळाली असती, पण मला पुढे संशोधन करायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं. एकदा का "याला वाचणं जमत नाही" असा शिक्का बसला की ते दार बंद.

मी म्हटलं, "मॅडम, एक संधी द्या. याच प्रकरणावर नीट लिहून आणतो."

त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या सुट्टीनंतर आणा. तुम्ही स्वतः वाचलंय असं मला त्यात दिसलं तर लघुप्रबंध. नाहीतर पेपर. मग पुन्हा विचारायचं नाही."

रिक्षातून घरी येईपर्यंत माझं डोकं तापून लाल झालं होतं. चपला कुठं काढल्या तेही आठवत नाही. "वहिनी, ते बाजाराचं पुस्तक घ्या. आणि मला सांगा, तुम्ही त्यातलं काय काय वाचलं?"

"इम्पॉर्टंट तेवढं सगळं वाचलं की."

"इम्पॉर्टंट म्हणजे?"

"ठळक अक्षरातलं. व्याख्या, मुद्दे. अन् आधीच्या पोरांनी पेन्सिलीनं खुणा केल्यात बघा, त्या ओळी."

"आणि बाकीचं?"

"बाकीचा पाला हाय, भावजी." अगदी निरागसपणे. "लातूरला आमचे सर पहिल्या दिवशीच सांगायचे, पुस्तक हातात घेतलं की आधी इम्पॉर्टंट हुडका. सगळं वाचत बसलं असतं तर आमचा सिलॅबस झालाच नसता. तुमचा टाइम वाचावा म्हणून करायले मी."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, "झालं का? चहा ठेवते. मग पहिल्या पानापासनं सुरू करू." आत जाता जाता दारातच थांबल्या. "पण एक सांगू का, भावजी? पाला वाचायला मला कुणी शिकवलंच न्हाई."

माझा राग तिथंच गळून पडला. खरं सांगायचं तर मलाही ते कुणी शिकवलं नव्हतं. पाच कारणं मिळाली की मी खूश व्हायचो. ही कारणं कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं एकाच शाळेतले म्हणायचे.

चहा झाला आणि वहिनींनी पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. या वेळी एक शब्द सोडायचा नाही, तळटीपसुद्धा जिथल्या तिथं वाचायची, असं ठरलं. पण नवीनच अडचण आली. हा लेखक मोठा सभ्य माणूस. विरोधकाचं म्हणणं मांडायला घेतलं की चार-चार पानं त्याच्या तोंडून बोलायचा, इतकं मन लावून की जणू त्याचंच मत. पान बघणाऱ्याला अवतरणचिन्हं दिसतात, परिच्छेद बदललेला दिसतो. ऐकणाऱ्याला सगळं एकाच आवाजात येतं. मी सारखा विचारायचो, "आता कोण बोलतंय?" आणि वहिनी म्हणायच्या, "थांबा, मागं बघते."

अशी दोन दुपारी रखडपट्टी झाल्यावर वहिनींनी हातातला चमचा समोरच्या वाटीवर आपटला. टण्.

"असं करू," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं बोलणं सुरू झालं की वाटी एकदा वाजवते. लेखक परत आला की दोनदा."

मला हसू आलं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. वाटी वाजायला लागली. पहिल्या दिवशी ती फक्त अवतरणचिन्हांपाशी वाजली, ते सोपं होतं. मग वहिनी एका वाक्यापाशी अडल्या. "'असे मानले जाते', असं लिहिलंय. इथं वाजवू का नको? कोण मानतंय?"

"लेखकच मानत असेल."

"मग 'मी मानतो' म्हणून लिहिलं असतं की. नाव का झाकून ठेवायलाय?"

त्यावरून आमचं भांडण. मागची दोन पानं पुन्हा वाचली, पुढची दोन वाचली, आणि वहिनी बरोबर निघाल्या, ते विरोधकाचं म्हणणं होतं. दुसऱ्या एका ठिकाणी मी बरोबर निघालो, तेव्हा दिवसभर मी ते त्यांना ऐकवलं. एका जागी "हे सर्वश्रुतच आहे" असं आलं तर वहिनी म्हणाल्या, "कुणाला श्रुत हाय? मला तर न्हाई." आणि वाटी सोडून नुसतं तोंडानं केलं, "च्च." तेव्हापासून पुरावा न देता कुणी काही ठोकून दिलं की "च्च" सुरू झालं. ते विरोधकालाच नव्हे, लेखकालाही मिळायचं. काही पानांवर तर इतके "च्च" झाले की मला त्या भल्या माणसाची दया आली.

भिंतीपलीकडच्या काकूंनी एकदा विचारलंच, "काय गं, दुपारचीच आरती धरलीस का?"

"हाव काकू," वहिनी इकडून ओरडल्या, "भावजींना देव पावावा म्हणून."

त्या दुपारी मला आयुष्यभर पुरणाऱ्या आहेत. वाक्य बोलणारा कोण, तो कुणाशी भांडतोय, त्याच्या हातात काय आहे, हे प्रश्न मी वाटीच्या आवाजावर शिकलो. प्रकरण संपलं तेव्हा मला त्यातल्या भांडणाची दोन्ही माणसं ओळखीची झाली होती.

मग मी लिहायला बसलो. लॅपटॉपवर टाइप करायचो, तीच फोनवाली बाई इथंही वाचून दाखवायची आणि मला सगळं फार भारदस्त वाटायचं. लिहून झाल्यावर वहिनींना म्हटलं, जरा वाचा. त्यांनी सवयीनं वाटी पुढे ओढली.

"'अमुक अभ्यासकांच्या मते...'" टण्. पुढचं वाक्य. "'तमुक अभ्यासक नमूद करतात...'" टण्. पुन्हा टण्. मग आणखी एक. मी दोनदा वाजायची वाट बघत होतो. पान संपलं, दुसरं संपलं. वहिनींनी चमचा खाली ठेवला.

"भावजी, दोनदा वाजवायची येळच येईना. तुमी कुठं हाव यात?"

"असंच लिहितात, वहिनी. अभ्यासकांचे दाखले द्यावे लागतात."

"द्या की. कोण नको म्हणतंय? पण सगळं त्यांनीच सांगायचं असंल तर मॅडम त्यांची पुस्तकंच वाचतील. तुम्हाला कशाला विचारतील?"

मी लॅपटॉप धाडकन मिटला. राग वहिनींचा नव्हता. मॅडमनी "तुम्ही स्वतः वाचलंय असं दिसलं तर" म्हटलं होतं, आणि अख्ख्या लिखाणात मीच नव्हतो. हे असंच नेलं असतं तर पुन्हा तो मऊ आवाज ऐकावा लागला असता.

दिवाळीला गावी गेलो. बाजाराच्या दिवशी वहिनींना निलंग्यात खरेदी होती, मी सोबत गेलो आणि म्हटलं, मला बांगडीवाल्याच्या बाजूला बसवा आणि तुम्ही फिरून या. बांगडीवाला ओळखीचा, त्यानं पोत्याची घडी करून दिली. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि ऐकत बसलो. लहानपणापासून ऐकलेला बाजार, पण त्या दिवशी वहिनींची वाटी डोक्यात घेऊन ऐकला. कर्नाटकाकडच्या बाया यायच्या, "एष्टु?" म्हणून कानडीत भाव विचारायच्या, समोरचा मराठीत सांगायचा. फोनवरून पैसे दिले की बांगडीवाल्याच्या डबड्यातून बाई बोलायची, इतके रुपये मिळाले, म्हणजे माझ्या फोनमधल्या बाईची बहीण तिथंही बसलेली. पण माझा कान अडकला तो निराळ्याच गोष्टीवर. बाया भाव विचारायच्या आणि घ्यायच्याच असं नाही. भावावरून बोलणं लेकीच्या सासरवर जायचं, तिथून नर्सिंगच्या कोर्सला कुठं नंबर लागतो त्यावर, तिथून गुडघ्याच्या डॉक्टरवर. बांगड्या हातात तशाच.

परत येताना बसमध्ये मी वहिनींना हे सांगितलं. त्या पिशव्या सांभाळत म्हणाल्या, "त्यात काय नवल? बाया घ्यायला कमी येतात, विचारायला जास्त. दुकानात इतकं विचारलं तर मालक हाकलून देईल."

बस निलंग्यातून बाहेर पडेपर्यंत ते वाक्य मनात घोळवत राहिलो. पुस्तकातला लेखक म्हणत होता, बाजार मरणार नाही, कारण तिथं माल स्वस्त मिळतो. विरोधक म्हणत होता, माल आता दुकानातही मिळतो, म्हणून बाजार मरणार. दोघंही मालाबद्दलच भांडत होते. विचारायला येणाऱ्या बायका दोघांच्याही हिशेबात नव्हत्या. हे मला म्हणता येणार होतं, आणि पुरावा माझ्या फोनमध्ये रेकॉर्ड झालेला होता. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या अनोळखी माणसालाच विचारलं, "तुम्ही बाजारात काय घेतलं?" तो घाबरून पुढच्या सीटवर गेला.

सुट्टी संपल्यावर नव्यानं लिहिलेलं प्रकरण घेऊन केबिनमध्ये गेलो. मॅडमनी तिथंच वाचायला घेतलं. पानं उलटल्याचा आवाज ऐकत मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो.

"हे वाक्य ढिसाळ आहे," त्या एकदम म्हणाल्या. "इथं लेखकावर अन्याय केलात. आणि हा निष्कर्ष? एका बाजारावरून सगळ्या मराठवाड्याबद्दल बोलताय? आणखी बाजारांत जा, बिलोलीला जा. बायांशी स्वतः बोला, नुसते बसून राहू नका. हे असलं मोघम मला चालणार नाही."

आवाज कडक, जराही मऊ नाही. देवाशपथ सांगतो, आयुष्यात कुणी रागावल्यावर मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या मला झापत होत्या, इतर पोरांना झापायच्या तसंच.

मग त्यांचं पान उलटणं थांबलं. "या तळटिपेतल्या बाई कोण? कुठल्या विद्यापीठात असतात?"

"आमच्या स्वयंपाकघरात, मॅडम."

त्या हसल्या. "विचार त्यांचा असेल तर नोंद त्यांच्याच नावावर. बरोबर केलंत. राहू द्या ती." आणि ड्रॉवर उघडून अर्ज काढत म्हणाल्या, "लघुप्रबंधाच्या अर्जावर सही करते. शीर्षक नीट ठरवून आणा."

आज मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. पोरं क्लासेसमधून तयार होऊन येतात, पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, इम्पॉर्टंट काय काय हाय?" मी बॅगेतून चमचा आणि वाटी काढतो. आधी हसतात, मग महिन्याभरात आपापसात भांडायला लागतात, इथं वाजली पाहिजे, इथं नको. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही, त्यांनी मला पेपरावर ढकललं नाही. आणि वहिनींचं मी काय म्हणू? त्यांनी मला वाचून दाखवलं हे सगळे बघणारे सांगतात. वाचायला शिकवलं, हे फक्त मलाच माहीत आहे.

लघुप्रबंध बांधून घरी आला त्या दुपारी त्याला डिंकाचा ओला वास येत होता. वहिनींनी हात धुतले, वाटी-चमचा घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. आभारात त्यांचं नाव आलं तर म्हणाल्या, "हे सगळेच लिहितात," आणि पुढे गेल्या. तळटिपेचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

बाजाराचं प्रकरण आलं. विरोधक बोलला, टण्. पुस्तकाचा लेखक बोलला, इथं तोही दुसराच, टण्. मग मी आलो, टण् टण्, आणि त्यानंतर पानंच्या पानं वाटी गप्प. बांगडीवाला आला, कानडी बाया आल्या, डबड्यातली बाई आली. वहिनींचा आवाज खुशीत होता. वाचता वाचता वहिनी त्या वाक्यावर पोचल्या.

"'बाया घ्यायला कमी येतात, विचारायला जास्त.'" आणि आमच्या नियमाप्रमाणे लगेच खालची तळटीप. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. "गृहिणी, नांदेड. प्रत्यक्ष संभाषण."

आणि थांबल्या. पंखा फिरत होता. पलीकडे काकूंच्या कुकरची शिट्टी झाली.

"वहिनी?" मी म्हटलं.

चमचा उचलल्याचा आवाज आला, आणि वाटी वाजली. एकदाच, अगदी हळू. दोनदा वाजायला फार वेळ लागला, आणि मी घाई केली नाही.